घोडा जाड दिसला तरी संच परत करू नका

नारायण पेठेत ३२ वर्षं टीव्ही दुरुस्त केले, त्यामुळे खोकं उघडलं की आधी तबकडीची पाठ बघायची खोड आहे. 'हॉपलाँग कॅसिडी' या जुन्या अमेरिकी काउबॉयपटांच्या डीव्हीडींचा हा संच ऑनलाइन मागवला, २१०० रुपयांना. खोक्याचा एक कोपरा चेपलेला, तिसऱ्या तबकडीवर चांगला लांब ओरखडा. विक्रेत्याला फोटो पाठवले. "प्रवासात होतं असं," एवढंच उत्तर. बरं!

तबकडी कुठल्या देशांत चालेल त्याचा तिच्यावर क्रमांक असतो, त्याला रीजन म्हणतात. या तबकड्या अमेरिकेच्या, म्हणजे रीजन १. आपल्याकडचे प्लेअर रीजन ५ चे. माझ्या जुन्या प्लेअरचा रीजन रिमोटवरून बदलता येतो म्हणून निभावलं. तुमचा बदलत नसेल तर हा संच शोकेसमध्येच ठेवा. चित्र आलं, पण कॅसिडीचा 'टॉपर' घोडा पार म्हशीसारखा आडवा पसरलेला. नातू ओरडला, "आबा, याचं पोट बघा!" जुनं चौकोनी चित्र रुंद टीव्हीवर ताणलं जातं, दुसरं काही नाही. सेटिंगमध्ये चार बाय तीन करा, घोडा लगेच सडपातळ.

घोड्यावरचा विल्यम बॉइड मूकपटांच्या काळातला देखणा नायक. पुढे त्याच्याच नावाच्या दुसऱ्या नटाला अटक झाली, वर्तमानपत्रांत फोटो छापला याचा, आणि याची कामं गेली. १९३५ ला कॅसिडी मिळाला. मूळ कादंबऱ्यांतला कॅसिडी रांगडा, पिणारा, शिवराळ. बॉइडने त्याला काळे कपडे चढवले आणि दारू सोडवली. १९४८ पर्यंत ६६ चित्रपट! कथा एकसारख्या, एका दिवशी दोन बघू नयेत. जिथे शूटिंग व्हायचं त्या कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनचे खडक मात्र झकास दिसतात. खडक तेच, चोर वेगळे.

मी खरा गार झालो ते त्याच्या हिशोबाने. गडी म्हातारा व्हायला लागलेला, केस पांढरे, चित्रपटांचा धंदा बसलेला. आणि याने स्वतःची रँच विकून त्या जुन्या चित्रपटांचे हक्क विकत घेतले. तिकडे घरोघर टीव्ही यायला लागले होते आणि दाखवायला माल नव्हता. २४ जून १९४९ ला एनबीसी या अमेरिकी वाहिनीवर कॅसिडी सुरू झाला, लांब चित्रपट कापून तासाच्या आत बसवलेले. मग खास टीव्हीसाठी अर्ध्या तासाचे नवे भाग. १९५० साली त्याचं चित्र लावलेला शाळेचा पत्र्याचा डबा पहिल्याच वर्षात सहा लाख खपला. आम्हा पुणेकरांना सिंहगडावरून टीव्ही दिसला १९७३ ला. बॉइड आदल्याच वर्षी गेला होता.

आवाजात थोडी खरखर आहे, सबटायटल्स नाहीत. प्लेअर जमत असेल तर घ्या, पण तबकड्या तपासून. तिसरी मी टूथपेस्ट लावून घासली. आधी ३८ व्या मिनिटाला अडायची, आता ४१ व्याला अडते.