"हे लोन नाही मॅम"

सांगलीतल्या एका छापखान्यात मी ११ वर्षं डीटीपी केलं, म्हणजे छपाईची पानं संगणकावर लावली. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, निवडणूक आली की पत्रकं. कोरलड्रॉ आणि श्रीलिपी ही दोन सॉफ्टवेअर, एवढ्यावर माझं पोट चाललं होतं. यूएक्स (यूजर एक्सपीरियन्स, म्हणजे वापरणाऱ्याला सोपं जाईल अशी आखणी) हा शब्द माझ्या कानावर पडला तो एका पतसंस्थेच्या पैसे काढायच्या फॉर्ममुळे.

त्या फॉर्मवर नाव, खाते क्रमांक, रक्कम सगळं एकाच ओळीत कोंबलेलं होतं. म्हातारी माणसं खाते क्रमांकाच्या जागी मोबाइल नंबर लिहायची. "आहे तसा छाप" असं मालक म्हणाले होते, पण मला राहवेना. रकाने सुटे केले, खाते क्रमांकाला चौकोन आखले, सहीला खाली मोकळी जागा सोडली. महिन्याभराने तिथल्या कॅशियरबाईंचा फोन आला, "अगं, फॉर्म परत लिहून घ्यायची कटकट निम्म्यावर आली." पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या माझ्या आतेभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, लोक या कामाचा पगार घेतात. यूएक्स म्हणतात त्याला."

मी गूगलवर शोधलं आणि दुसऱ्या दिवसापासून मोबाइल जाहिरातींनी भरून गेला. सहा महिन्यांत यूएक्स डिझायनर, कोडिंगची गरज नाही, १००% जॉब गॅरंटी. ९९ रुपयांचा वेबिनार होता. ऑगस्ट २०२३ मधला रविवार, दोन तास. शेवटी पडद्यावर घड्याळ आलं: १५ मिनिटं, ३ जागा शिल्लक, फी १,२०,००० वरून ७५,०००. नको म्हणायचं तर खाली फिकट अक्षरांत एकच वाक्य होतं, "नको, मला आहे तिथेच राहायचंय." मी ते दाबलं नाही. कोण दाबेल?

पाचव्या मिनिटाला फोन. मराठीत बोलणारी, गोड आवाजाची मुलगी. "मॅम, एकदम भरायचे नाहीत. महिन्याला ६,२५० फक्त, बारा महिने." मी विचारलं, कर्ज आहे का हे? "नाही नाही, हे लोन नाही मॅम, सबस्क्रिप्शनसारखं आहे. नाही आवडलं तर बंद करायचं." मग आधार, पॅन, एक सेल्फी आणि तीन ओटीपी. तीन वेगवेगळ्या कामांचे तीन ओटीपी होते, हे मला नंतर मेसेज चाळताना कळलं. एक केवायसीचा, एक कर्जाच्या कराराचा, एक खात्यातून आपोआप हप्ता कापून घेण्याच्या संमतीचा. छापखान्याच्या मालकांना नंतर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ओटीपी म्हणजे सही असते गं. तीनदा केलीस." (दुसऱ्या दिवशी सहज ते पान पुन्हा उघडलं. घड्याळ परत १५ मिनिटांवर, जागा परत ३. तेव्हाच शहाणी व्हायला हवं होतं, पण पैसे गेल्यावर माणूस आपलंच खरं धरून बसतो.)

शिकवणं कसं होतं त्यावर फार शाई खर्च करत नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, शनिवारी एक तास मार्गदर्शक आणि समोर साठ जण. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं काढायची, मग जेवण मागवायच्या अॅपचा नवा चेहरा करायचा. साठांचे साठ पोर्टफोलिओ, म्हणजे नोकरीसाठी दाखवायचे कामाचे नमुने, सारखेच. चार महिन्यांत एकाही खऱ्या वापरणाऱ्या माणसाशी बोलायला कुणी सांगितलं नाही. आणि फिग्माचं सुरुवातीचं खातं फुकट मिळतं, यूएक्समधले जाणकार जेकब नील्सन यांची १९९४ सालची दहा तत्त्वं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, हेही कुणी सांगितलं नाही. ते सांगितलं तर ७५,००० कशाचे?

तिसऱ्या आठवड्यातच मी बंद करा म्हणाले होते. कोर्सवाली संस्था म्हणाली, फायनान्स कंपनीशी बोला. फायनान्स कंपनी म्हणाली, आम्ही संस्थेला पूर्ण रक्कम दिली आहे, हप्ते तुमचे. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या २०२२ च्या नियमांनुसार अशा डिजिटल कर्जात सुरुवातीचे काही दिवस दंड न भरता माघार घेता येत होती, आणि कर्ज देण्याआधी व्याज-शुल्काची सगळी माहिती एका पत्रकात द्यावी लागत होती. ते पत्रक मला ईमेलवर आलं होतं. मी उघडलंच नव्हतं. ही चूक माझी.

जॉब गॅरंटीच्या अटी कराराच्या चौदाव्या पानावर होत्या. आठवड्याला १५ अर्ज, ९० टक्के हजेरी, कुठल्याही शहरात जायची तयारी, आणि आलेली पहिली ऑफर नाकारली तर गॅरंटी रद्द. मला पहिली ऑफर त्याच संस्थेकडून आली. पद "डिझाइन करिअर कन्सल्टंट", पगार १२,०००. काम काय, तर वेबिनारला बसलेल्यांच्या यादीवरून फोन करायचे. बोलायचा मजकूर पीडीएफमध्ये पाठवला होता. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: हे लोन नाही मॅम.

मी नकार कळवला. गॅरंटी रद्द झाली.

त्याच सुमारास, ३० नोव्हेंबर २०२३ ला, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून नको ते करायला लावणाऱ्या स्क्रीनच्या मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकार दिलेत त्यात. वाचताना अंगावर काटा आला. खोटी घाई म्हणजे ते घड्याळ. नकार देणाऱ्याला लाजवणं म्हणजे ते फिकट वाक्य. सहज शिरता येतं पण बाहेर पडता येत नाही असं सबस्क्रिप्शन. डार्क पॅटर्न हा शब्द २०१० मध्ये हॅरी ब्रिग्नल या यूएक्सवाल्यानेच रूढ केला. यूएक्स शिकवतो म्हणणाऱ्यांनी मला तो एकदाही ऐकवला नव्हता, नुसता करून दाखवला.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. वेबिनारचे स्क्रीनशॉट, पीडीएफ, कॉलच्या वेळा, सगळं जोडलं. रेकॉर्डिंग असतं तर जास्त बरं झालं असतं. रागाच्या भरात दोन महिने खातं रिकामं ठेवलं आणि हप्ते बाउन्स झाले. हे मात्र कुणी करू नका. संस्थेशी भांडा, पण कर्ज आपल्या नावावर असतं.

काम कसं मिळालं, तेही सांगते. जेवणाच्या अॅपचा तो पोर्टफोलिओ मी टाकून दिला. पतसंस्थेत परवानगी काढून दोन दिवस काउंटरशेजारी बसले आणि लोक फॉर्मवर कुठे अडतात ते वहीत लिहून काढलं. आधीचा फॉर्म, नंतरचा फॉर्म आणि त्या नोंदी, एवढंच घेऊन पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत गेले. ते दवाखान्यांसाठी मराठी अॅप करतात. इंग्रजीच्या मापाने केलेल्या बटणात रफार आणि उकार कापले जातात, हे मी पाहताक्षणी दाखवलं. छापखान्यात ११ वर्षं तेच तर सांभाळलं होतं. सर्टिफिकेट कुणी मागितलं नाही.

कोर्स करायचाच असेल तर आधी विचारा: कर्ज देणारी कंपनी कोणती? नोकरीच्या हमीचा करार पैसे भरायच्या आधी हातात देता का? जुने विद्यार्थी त्यांनी दिलेले नकोत, आपण शोधून काढा. आणि ते घड्याळ संपू द्या, दुसऱ्या दिवशी पान उघडून बघा. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठीही नियम केले, त्यात नोकरीच्या खोट्या हमीवर बोट ठेवलंय. मला उशीर झाला, तुम्ही तक्रारीत त्यांचा उल्लेख करू शकता.

मे २०२४ मध्ये संस्थेने २२,००० परत केले, "सद्भावनेपोटी" असं लिहून. शेवटचा हप्ता ऑगस्टमध्ये गेला. ते दोन थकलेले हप्ते माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये अजून दिसतात. परवा घरकर्जासाठी बँकेत गेले होते. साहेबांनी कागद उलटवला आणि पहिला प्रश्न त्याच दोन महिन्यांचा विचारला.