हलणारा नरकासुर की पाऊस मोजायचं यंत्र?

मुलांना घेऊन घरी काहीतरी बनवायचंय, पण सुरुवात कशाने करू, असं फोंड्यातले ओळखीचे बरेच बाप विचारतात. आमच्या घरी दोन्ही झालंय : दिवाळीला मोटरवर हात उगारणारा नरकासुर (गोव्यात दिवाळीच्या पहाटे जाळतात तो पुतळा) आणि पावसाळ्यात अंगणात पाऊस मोजणारं यंत्र. माझं मत आधीच सांगतो. मूल दहाच्या आतलं असेल तर नरकासुर, त्यापुढचं असेल तर पाऊस.

नरकासुराचं अर्धं काम गोव्यातल्या पोरांना येतंच. कामट्या, तार, गवत, रद्दी, खळ हे सगळं ती बघतच वाढतात. आपण त्यात गाडीची जुनी वायपर मोटर घालायची. भंगारात ती मिळते आणि स्कूटरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते. मोटर फिरते गोल, हात मात्र वर-खाली व्हायला हवा. त्यासाठी मोटरच्या दांड्यावर प्लायवूडची चकती बसवायची, मध्यापासून बाजूला एक भोक पाडायचं आणि त्यात हाताची सळी अडकवायची. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने तीन भोकं पाडली, तिन्हींत सळी लावून बघितली आणि ओरडली, "पप्पा, कडेच्या भोकात हात जास्त वर जातो!" क्रँक हा शब्द मी तिला त्यानंतर सांगितला. चूक झाली की ती डोळ्यांना दिसते, म्हणून लहान मुलांसाठी मला हेच आवडतं.

डोळ्यांना दोन लाल एलईडी सिरीजमध्ये आणि ४७० ओमचा रेझिस्टर पुरतो. मोटर अडकली तर करंट फार ओढते, तेव्हा बॅटरीच्या पॉझिटिव्हला फ्यूज हवाच. पहाटे जाळण्याआधी मोटर, बॅटरी आणि वायरी काढून घ्यायच्या. हे काम मोठ्यांनीच करावं.

पावसाच्या यंत्राला धीर लागतो, पण मला स्वतःला तेच जास्त भावलं. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गोव्यात मोजायला काही कमी नाही! नरसाळ्यातून पाणी दोन कप्प्यांच्या झुलत्या पन्हळीत पडतं. एक कप्पा भरला की ती कलंडते, तिच्यावरचा चुंबक रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) जातो आणि आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, एक आकडा वाढवतो. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास १० सेंटिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस झाला की ७.८५ मिलिलिटर पाणी. आमचा कप्पा ५ मिलिलिटरला कलंडायचा, म्हणजे दर वेळी ०.६४ मिलिमीटर. कप्पा किती पाण्याला कलंडतो ते सिरिंजने थेंब थेंब पाणी सोडून ठरवलं. वर्तुळाचं क्षेत्रफळ मुलाला त्या दिवशी कळलं असं मी म्हणेन.

अडचणीही आल्या. एका रात्री वीज गेली आणि सकाळी अंगणात पाणी साचलेलं असताना आकडा शून्य! मग दर काही मिनिटांनी आकडा ईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, लिहायला शिकलो. पॉवरबँक लावली, तर इतक्या कमी करंटवर ती आपोआप बंद व्हायची. ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता वायरी खोचून जोडायचा बोर्ड) पिना दमटपणाने हिरव्या पडल्या, शेवटी सगळं सोल्डर केलं. मुसळधार पावसात पन्हळ कलंडता कलंडता थोडं पाणी निसटतं आणि आकडा कमी येतो. हे मुलाने पकडलं, शेजारी सरळ भिंतींचा एक डबा ठेवून आणि त्यात फूटपट्टी बुडवून. डबा फुकटचा आहे. यंत्र नाही जमलं तरी तो नक्की ठेवा.

खर्च दोन्हींचा साधारण सारखाच. दुर्बीण घेऊ का, असंही विचारतात. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, आणि दुर्बिणीत हाताने बनवायचं फारसं काही उरत नाही, म्हणून पहिल्या वर्षी नको. मूल कुठे रमतं ते कळत नसेल तर आधी मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रात एक फेरी मारा.

नरकासुराला दिवाळीआधीचे तीन आठवडे पुरतात. पावसाचं यंत्र मात्र मेअखेर अंगणात बसलेलं हवं. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस नोंदवतं, आम्हीही तीच वेळ धरली. मुलाच्या वहीत एका रकान्यात यंत्राचा आकडा असतो, दुसऱ्यात डब्याचा, आणि शाळेची बस साडेसातला असली की वाचन त्याची आजी करते.