विकत घेतलेलं हॉटेल स्टेटस : सात महिन्यांनंतरचा अनुभव

हॉटेलांच्या साखळ्या नेहमी येणाऱ्या सभासदांना नाश्ता, लाउंज, मोठी खोली असे फायदे देणारा वरचा दर्जा देतात, त्याला 'स्टेटस' म्हणतात. मी तो एका विक्रेत्याकडून विकत घेतला आणि पहिल्या आठवड्यात त्याला पाच तारे दिले होते. "दोन दिवसांत काम झालं, माणूस अगदी विश्वासू आहे" असा मेसेजही पाठवला होता. आता सात महिने उलटलेत आणि तोच अनुभव मी पूर्ण लिहिते आहे. अशा विक्रेत्यांबद्दल जे वाचायला मिळतं ते जवळपास सगळं पहिल्या आठवड्यात लिहिलेलं असतं. खात्यावर स्टेटस दिसलं की माणूस खूश होतो, कौतुक लिहितो आणि आपल्या कामाला लागतो. पाचव्या-सहाव्या महिन्यात पुढे काय झालं हे सांगायला फारसं कोणी परत येत नाही, कारण तोवर सांगायची लाज वाटायला लागलेली असते. मलाही वाटली. म्हणूनच हे लिहायला उशीर झाला.

माझं फिरणं कामापुरतं आहे. वर्षाला वीस-बावीस रात्री हॉटेलात जातात. सहा वर्षं मी शक्य तिथे एकाच साखळीच्या हॉटेलात उतरले आणि पॉइंट्स साठवत गेले. त्यातून मधलं स्टेटस मिळालं, पण वरच्या पायऱ्यांचा हिशेब वेगळाच असतो. मॅरियटच्या बॉनव्हॉय या सभासद योजनेत प्लॅटिनम या पायरीसाठी वर्षाला ५० रात्री लागतात, टायटेनियमसाठी ७५. हयातच्या ग्लोबलिस्टला ६०, आयएचजी या हॉटेल समूहाच्या डायमंडला ७०. वीस रात्रींवर त्या दारापर्यंत पोचता येत नाही. मला चैनीची मोठी खोली नको होती. सकाळचा नाश्ता, बसून काम करता येईल असं लाउंज आणि निघायच्या दिवशी दुपारी चारपर्यंत खोली, एवढंच हवं होतं. मीटिंग संपवून आल्यावर बॅग शेजारी ठेवून लॉबीत चार-चार तास ज्यांनी काढलेत, त्यांना या शेवटच्या गोष्टीचं मोल वेगळं सांगायला नको.

जाहिरातीत लिहिलं होतं, "तुमच्याच खात्यावर सर्वोच्च स्टेटस, वर्षभराची गॅरंटी". सगळं बोलणं मेसेजिंग ॲपवर झालं. त्याने नाव, सभासद क्रमांक, ईमेल, जन्मतारीख आणि खात्याचा पासवर्ड मागितला. "काम झालं की पासवर्ड बदलून टाका" असंही स्वतःहून म्हणाला, आणि त्या एका वाक्यामुळे माझा विश्वास बसला. पैसे पेपॅलवरून मागितले, तेही 'फ्रेंड्स अँड फॅमिली' या प्रकाराने. हा प्रकार ओळखीच्या लोकांना पैसे पाठवण्यासाठी असतो, त्याला खरेदीदाराचं संरक्षण लागू होत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. शुल्क वाचवत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पहिले तीन महिने छान गेले, हेही लिहायलाच हवं. कार्डाचा रंग बदलला, दोनदा मोठी खोली मिळाली, नाश्ता मिळाला, चारपर्यंत थांबता आलं. त्या काळात मला कोणी विचारलं असतं तर मी बिनधास्त "घे" म्हणाले असते.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी चेक-इन करत होते. रिसेप्शनवरच्या मुलाने स्क्रीनवर पाहून हसत विचारलं, "मॅडम, कंपनीचं ओळखपत्र आहे का? तुमचं स्टेटस कंपनीच्या योजनेतून आलेलं दिसतंय, म्हणून विचारलं." मी म्हटलं, "कुठली कंपनी?" त्याने एका मोठ्या सल्लागार कंपनीचं नाव घेतलं. त्या कंपनीत मी एक दिवसही काम केलेलं नाही. माझा चेहरा बघून तो गप्प झाला, "राहू दे मॅडम" म्हणत त्याने किल्ली पुढे केली. खोलीत गेल्यावर बॅग न उघडताच मी खात्याची माहिती उघडली. नोकरीच्या रकान्यात त्याच कंपनीचं नाव होतं. खाली दुसरा ईमेल पत्ता जोडलेला होता. माझं आडनाव, मग टिंब, मग माझ्या नावाचं पहिलं अक्षर आणि पुढे त्या कंपनीचं डोमेन. माझ्या नावाने कोणीतरी एक नोकरदार बाई उभी केली होती आणि चार महिने मी तिच्या नावावर नाश्ता करत होते. स्टेटस पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी फक्त कार्डाचा रंग पाहिला होता. पासवर्ड बदलला, पण बाकीची माहिती उघडून पाहिलीच नाही.

हे कसं चालतं ते मग नीट समजून घेतलं. हॉटेलांच्या साखळ्या मोठ्या कंपन्यांशी करार करतात. त्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना थेट वरचं स्टेटस मिळतं, किंवा थोड्या रात्रींत ते मिळवायची संधी, ज्याला 'चॅलेंज' म्हणतात. मॅरियटच्या अशा चॅलेंजमध्ये तीन महिन्यांत १६ रात्री झाल्या की प्लॅटिनम मिळाल्याची उदाहरणं सर्वश्रुत आहेत, आणि ५० च्या जागी १६ म्हटल्यावर कर्मचारी नसलेल्याला अशा योजनेच्या नोंदणी-कोडचा मोह किती पडत असेल ते उघड आहे. विक्रेता हेच कोड आणि बनावट ईमेल विकत असतो. दुसरी वाट 'स्टेटस मॅच'ची. एका साखळीतलं कार्ड दाखवून दुसऱ्या साखळीत त्याच तोडीचं स्टेटस मिळतं, आणि विक्रेते त्यासाठी दुसऱ्याचा स्क्रीनशॉट रंगवून पाठवतात. तिसरी वाट भेट मिळालेल्या स्टेटसची. मॅरियटमध्ये ५० रात्री झाल्या की सिल्व्हर आणि ७५ झाल्या की गोल्ड दुसऱ्याला भेट देण्याचा पर्याय निवडता येतो. भेट देणं नियमात बसतं, विकणं बसत नाही.

चौथी वाट मला सगळ्यांत भीतीदायक वाटते. तुमच्या सभासद क्रमांकावर स्वस्त खोल्या बुक होतात, तिथे भलतंच कोणी तुमच्या नावाने चेक-इन करतं आणि त्या मुक्कामाच्या रात्री तुमच्या खात्यावर मोजल्या जातात. अनेक देशांत हॉटेलांना पाहुण्यांची नोंदवही कायद्यानेच ठेवावी लागते. म्हणजे आपण जिथे कधी पाऊलही ठेवलं नाही तिथे आपण राहिल्याची नोंद राहते. त्या खोलीत त्या रात्री काय झालं हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि उद्या कोणी विचारलंच तर कागदावर नाव आपलं असेल. कोणी "रात्री भरून देतो" म्हणालं, तर तिथूनच मागे फिरा.

सहाव्या महिन्यात साखळीकडून मेल आला. पात्रतेची पडताळणी सुरू आहे, चौदा दिवसांत नोकरीचा पुरावा पाठवा. मी विक्रेत्याला कळवलं. त्याचं उत्तर पाच मिनिटांत आलं : "काळजी करू नका, कंपनीच्या लेटरहेडवर पत्र बनवून देतो, थोडे जास्त पडतील." तो मेसेज मी कितीतरी वेळ नुसता बघत बसले. तोवर मी स्वतःला एक ग्राहक समजत होते. ते पत्र पाठवलं असतं तर खोटा दस्तऐवज सादर करणारी मी ठरले असते, तीही माझ्या खऱ्या नावाने आणि सहीने. मी पत्र घेतलं नाही. साखळीला जसं घडलं तसं लिहून कळवलं.

चार दिवसांनी खातं बंद झालं. विकत घेतलेल्या स्टेटसबरोबर सहा वर्षांत साठवलेले पावणेदोन लाख पॉइंट्सही गेले. त्या पॉइंट्सवर आई-बाबांसाठी समुद्राकाठच्या हॉटेलात पाच रात्री बुक केल्या होत्या, त्याही रद्द झाल्या. बाबांनी खोलीचे फोटो आधीच नातेवाइकांना पाठवले होते. त्यांना फोन करून सांगणं मला फार जड गेलं.

माझा हिशेब नेमका इथे चुकला होता, आणि हा व्यवहार करू पाहणारे बहुतेक जण तिथेच चुकतात असं मला वाटतं. पकडलं गेलं तर फार तर स्टेटस काढून घेतील आणि मी होते तिथे परत येईन, असं मी धरलं होतं. तसं होत नाही. मोठ्या साखळ्यांच्या अटींमध्ये पॉइंट्स ही सभासदाची मालमत्ता नसल्याचं म्हटलेलं असतं, आणि फायद्यांची खरेदी-विक्री किंवा खोटी माहिती आढळली तर खातं बंद करून सगळं जप्त करायचा हक्क कंपनीने राखून ठेवलेला असतो. प्रामाणिकपणे मिळवलेले पॉइंट्स कुठले आणि विकतच्या स्टेटसमुळे आलेले कुठले, अशी वाटणी कोणी करत बसत नाही. साखळीला मी दोष देत नाही. त्या अटींखाली मीच टिचकी मारली होती.

विक्रेत्याची 'गॅरंटी' काय होती तेही ऐका. पैसे परत मिळाले नाहीत. "नवीन ईमेलवर नवीन खातं काढा, नावाचं स्पेलिंग थोडं बदला, पुन्हा स्टेटस लावून देतो" असं तो म्हणाला. एका माणसाला एकच खातं ठेवता येतं, आणि बंद केलेला सभासद असा चोरवाटेने परत आला तर पुन्हा तेच होणार. शिवाय चेक-इनला ओळखपत्र दाखवावंच लागतं, ते या स्पेलिंगशी कसं जुळणार? पेपॅलकडे तक्रार केली, ती पहिल्याच पायरीवर अडली, कारण मी मित्राला पैसे पाठवले होते.

आता पासवर्डबद्दल. मी तो दोन दिवसांनी बदलला खरा, पण तोच पासवर्ड माझ्या जुन्या ईमेललाही होता. तिसऱ्या महिन्यात त्या ईमेलवर अनोळखी ठिकाणाहून लॉगिनचा प्रयत्न झाल्याची सूचना आली होती. तेव्हा मी या दोन गोष्टींचा संबंध जोडला नाही. त्या दोन दिवसांत माझा पत्ता, फोन, पासपोर्ट क्रमांक आणि पुढच्या प्रवासांच्या तारखा एका अनोळखी माणसासमोर उघड्या होत्या. हॉटेलांकडच्या माहितीवर चोरांचा डोळा असतो, हे काही नवीन नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये मॅरियटने जाहीर केलं होतं की तिने विकत घेतलेल्या स्टारवुड या हॉटेल साखळीच्या आरक्षण यंत्रणेत २०१४ पासून घुसखोरी चालू होती. त्यात सुमारे साडेबावन्न लाख पासपोर्ट क्रमांक कुठल्याही सांकेतिक कुलपाशिवाय साठवलेले होते. तिथे निदान घुसखोरांना दार फोडावं लागलं. मी तर किल्ली हातात दिली.

सरळ वाटाही आहेत, आणि मी त्या आधी धुंडाळल्या नाहीत याची हळहळ वाटते. स्टेटस मॅच साखळीकडे स्वतः मागता येतो, आपलं खरं कार्ड दाखवून. काही क्रेडिट कार्डांसोबत मधलं स्टेटस मिळतं. आयएचजी तर इंटरकॉन्टिनेंटल ॲम्बॅसडर ही सशुल्क सभासदी स्वतःच विकते आणि तिच्यासोबत प्लॅटिनम मिळतं. हयातमध्ये ठरावीक रात्री पूर्ण केलेला सभासद 'गेस्ट ऑफ ऑनर' म्हणून ओळखीच्या माणसाला एखाद्या मुक्कामासाठी ग्लोबलिस्टचे फायदे देऊ शकतो, तेही नियमात राहून. आणि मला हवं होतं ते बरंचसं थेट हॉटेलकडूनच मिळतं. नाश्त्यासकटचा दर निवडायचा आणि उशिरापर्यंत खोली हवी असेल तर आदल्या दिवशी रिसेप्शनला फोन करायचा. आता मी हेच करते. खोल्या फार भरलेल्या नसतील तर बहुतेक वेळा हो म्हणतात, कधी थोडे पैसे घेतात, पण हातात पावती असते.

ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी आजच खात्याची माहिती उघडून कंपनीचं नाव, जोडलेले ईमेल आणि मुक्कामांची यादी ओळीने वाचावी. पासवर्ड बदला, तो आणखी कुठे वापरला असेल तर तिथेही बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पुरावा मागणारा मेल आला तर विक्रेत्याने बनवलेला कुठलाही कागद पाठवू नका. मी साखळीला खरं सांगितलं आणि खातं गमावलं, तरी ते पत्र पाठवलं नाही याचं समाधान अजून आहे.

आई-बाबा शेवटी त्याच समुद्राकाठी, दुसऱ्या एका हॉटेलात दोन रात्री राहून आले. पैसे भरून.

परवा त्या विक्रेत्याचं चॅनेल पुन्हा पाहिलं. जाहिरात तीच, गॅरंटी तीच. खाली समाधानी ग्राहकांच्या मेसेजचे स्क्रीनशॉट आहेत आणि वरून तिसरा माझा आहे : "दोन दिवसांत काम झालं, माणूस अगदी विश्वासू आहे." तो काढायला मी त्याला दोनदा सांगितलं. अजून काढलेला नाही.