बादली खरी, सील खरं, आत खताचं पाणी

बीएस-6 ट्रक किंवा टिप्पर असणाऱ्या आणि नागपूरच्या वाडी, अमरावती रोडच्या दुकानांतून युरियाच्या बादल्या उचलणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. ड्रायव्हर ज्याला युरिया म्हणतात तेच डीईएफ, डिझेलच्या धुरातला विषारी वायू कमी करणारं पाणी. निळ्या झाकणाच्या टाकीत जातं ते.

स्वस्तात मिळालं म्हणून आम्ही घेतलं, असं कोणी समजू नका. पंपावर 20 लिटरच्या बादलीला जो भाव, तोच इथे, फार तर पन्नास रुपये इकडेतिकडे. नावाजलेल्या कंपनीचं स्टिकर, झाकणाला सील, बॅच नंबर छापलेला. दुकानदारही ओळखीचा, ऑइल-ग्रीस वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच.

कोंढाळीच्या अलीकडून ड्रायव्हरचा फोन आला. "भाऊ, गाडी ओढूनच नाही राहिली. सायकलवाले पुढं जाऊन राहिले." मीटरवर डीईएफचा आणि इंजिनाचा, दोन्ही दिवे लागलेले. धुरातला नायट्रोजन ऑक्साइड आटोक्यात येत नाही असं दिसलं की या गाड्यांचा कॉम्प्युटर स्वतःहून इंजिनाची ताकद कमी करतो. शेवटी टोचन करून गाडी वर्कशॉपला आणली. माल दुसऱ्या गाडीत भरला, त्याचं भाडं वेगळं.

मेकॅनिकने डोझिंग इंजेक्टर, म्हणजे धुरात डीईएफ फवारणारा भाग, काढून माझ्या हातावर ठेवला. तोंडाशी खडीसाखरेसारखा पांढरा थर, नखाने खरवडला तरी निघेना. मग त्याने टाकीतलं थोडं पाणी बाटलीत घेऊन उजेडात धरलं. वर बारीक तेलकट तवंग. "भाऊ, हे तं वावरातल्या युरियाचं पानी हाय. निंबाचं तेल दिसून राहिलं ना वरते."

शेतीच्या युरियाला 2015 पासून सरसकट कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं, तो कारखान्यांकडे वळू नये हेही त्यामागचं एक कारण. आता हिशोब बघा. डीईएफमध्ये वजनाने 32.5 टक्के युरिया, बाकी क्षार काढलेलं शुद्ध पाणी. शेतकऱ्याला 45 किलोची गोणी मिळते 266 रुपये 50 पैशांना. एका गोणीत अशा सहा बादल्या आरामात होतात, म्हणजे बादलीमागे युरिया पंचेचाळीस रुपयांचा. त्यात बोअरचं पाणी ओतलं की हजाराच्या वर विकायला माल तयार. सबसिडी आपल्याच करातून जाते, ते वेगळंच.

इंजिनाला मात्र हे झेपत नाही. खऱ्या डीईएफचा गरम धुरात अमोनिया होतो आणि तो नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि वाफेत रूपांतर करतो. खताच्या युरियातलं बाययुरेट (युरिया बनतानाच तयार होणारी अशुद्धी) आणि बोअरच्या पाण्यातला कॅल्शियम मात्र इंजेक्टरमध्ये आणि धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टवर साचत जातो. आमची टाकी धुवावी लागली, फिल्टर, इंजेक्टर, नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर बदलावा लागला. बिल साठ हजारांच्या वर गेलं. वॉरंटी होती, पण डीईएफ भेसळीचं आहे म्हटल्यावर कंपनीने हात वर केले, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं.

माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर आहे. याच बादल्यांचं पाणी मी त्यावर बघितलं होतं, आकडा बरोबर 32.5. ते यंत्र पाण्यात युरिया किती हे सांगतं, कुठला हे नाही. भेसळवाल्यांनाही हे चांगलं ठाऊक आहे. माप ते चोख ठेवतात.

चोरी दिसली ती गोडाऊनमधल्या रिकाम्या बादल्यांवर. हिवाळ्यात घेतलेली आणि भर मे महिन्यात घेतलेली, दोन्हींवर बॅच नंबर एकच. एकीवरची तारीख अंगठ्याने पुसली तर पुसली गेली. बादल्या अस्सल कंपनीच्याच, भंगारातून उचलून पुन्हा भरलेल्या. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "मी तं सीलबंद घेतो न् सीलबंद विकतो." पक्कं बिल त्याने कधी दिलंच नव्हतं, त्यामुळे पुढे बोलणंच खुंटलं.

वर्कशॉपच्या बाहेर आणखी एक जण भेटला. "डब्बा लावून देतो, मंग युरियाची झंझटच नाही." डब्बा म्हणजे डीईएफ नीट चाललंय असं गाडीच्या कॉम्प्युटरला भासवणारं यंत्र. त्याच्याही नादी लागू नका. गाडीच्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही, आणि उरलीसुरली वॉरंटीही जाते.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच नंबर लिहून घ्या आणि मागच्या बादलीशी पडताळा. नवी बादली उघडली की अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा. तवंग, गढूळपणा किंवा तळाशी गाळ दिसला तर टाकीत थेंबही ओतू नका. शक्य असेल तर पंपावरच्या मशीनवरूनच भरा. संशय आला तर कृषी विभागाच्या खत निरीक्षकाकडे जा, शेतीचा युरिया दुसरीकडे वापरणं हा गुन्हा आहे. एकच गाडी पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार होते. आणि रिकाम्या बादल्या भंगारात देण्याआधी बुडाला ड्रिलने दोन भोकं पाडा. भंगारवाला किलोमागे भाव कमी देतो, देऊ द्या.