शाळेतला ग्लुकोमीटर: जूनपासून उन्हाळ्यापर्यंतच्या वापरानंतर

वरूड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी सहावीची वर्गशिक्षिका आहे. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीला टाइप १ मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यामुळे ते रोज इंजेक्शनने घ्यावे लागते. जूनच्या अखेरीस शाळा उघडल्यापासून ते आता सकाळची शाळा सुरू होईपर्यंत तिची रक्तातील साखर शाळेच्या वेळेत वर्गातच तपासली जात आहे. यंत्र साधे, पट्टीवर चालणारे, औषधाच्या दुकानात हजार रुपयांच्या आत मिळणारे आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते या प्रकारच्या बहुतेक यंत्रांना लागू पडते.

माझे मत आधीच सांगते: शाळेसाठी हे यंत्र पुरेसे आहे, पण ते वर्गात, मुलीच्या हाताशी असले पाहिजे. मौल्यवान वस्तू म्हणून ते कार्यालयातील कपाटात कुलूपबंद ठेवावे, असा विचार सुरुवातीला शाळेत झाला होता आणि त्यामागची काळजी मला समजते. परंतु साखर दर डेसिलिटर (१०० मिली) रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलेल्या मुलीला मैदान ओलांडून कार्यालयापर्यंत चालत पाठवणे धोक्याचे आहे, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते शिक्षक नेमके त्या दिवशी तालुक्याच्या बैठकीला गेलेले असू शकतात. आता यंत्र, पट्ट्यांची डबी, सुया, ग्लुकोजची पुडी आणि नोंदवही असा एक डबा तिच्या बाकाखाली असतो. तपासणीला हात धुण्यासकट तीन-चार मिनिटे लागतात आणि बोट टोचण्याचे काम ती स्वतः करते. मी जवळ उभी राहून आकडा पाहते आणि वेळेसह वहीत लिहिते. मधुमेह असलेल्या मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळी खाऊ द्यावे, असे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळवले आहे. पालकांनी शाळेशी बोलताना त्याचा उल्लेख जरूर करावा.

हात धुणे हा या सगळ्या वापरातला सर्वांत महत्त्वाचा भाग ठरला. आमचा भाग संत्र्यांचा. आंबिया बहाराच्या दिवसांत मधल्या सुट्टीत मुलांच्या हातात संत्री असतात, आणि सोललेल्या फळाचा रस बोटाला राहिला तर थेंबभर रक्तात तोही मिसळतो. एकदा खिचडीपूर्वी यंत्राने २६८ दाखवले. मुलगी अगदी नेहमीसारखी हसत-बोलत होती आणि तिच्या बोटांना संत्र्याचा वास येत होता. साबणाने हात धुवून, कोरडे करून पुन्हा तपासले तेव्हा १३१ आले. पहिल्या आकड्यावर विसंबून इन्सुलिनचा डोस वाढवला असता, तर दुपारी साखर घसरून तिचा जीव धोक्यात आला असता. स्पिरिटचा बोळा फिरवणे येथे पुरत नाही, पाण्याने धुवावेच लागते. ज्या शाळेत दुपारी नळाला पाणी नसते, तेथे या कामासाठी एक कळशी वेगळी भरून ठेवावी.

साखर कमी होण्याची लक्षणे मला आता यंत्राआधी कळतात. तिचे अक्षर ओळ सोडून खाली उतरू लागते, कपाळावर घाम येतो, साध्या प्रश्नाला ती चिडून उत्तर देते. कबड्डीच्या तासानंतर किंवा पोषण आहार उशिरा आला की असे होते. तिच्या आईने पहिल्याच दिवशी बजावले होते, "मॅडम, जेवाले उशीर झाला तं तिले घाम सुटते, तवा वाट नका पाहू." त्याप्रमाणे ७० च्या खाली आकडा आला की तीन चमचे ग्लुकोज पाण्यात देतो, पंधरा मिनिटे तिला बसवून ठेवतो आणि पुन्हा तपासतो. यंत्र हाताशी नसेल तर तपासणीसाठी थांबू नये, ग्लुकोज आधी द्यावे. चॉकलेट मात्र उपयोगाचे नाही, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवून सरळ दवाखाना गाठायचा, हे आमच्या स्वयंपाकी ताईंनाही सांगून ठेवले आहे.

यंत्राच्या अचूकतेबद्दल अनेक जण विचारतात. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० पेक्षा कमी आकड्यात १५ मिलिग्रॅमपर्यंत आणि त्यावर १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणून ११० आणि ११८ यांतील फरकाने कोणी अस्वस्थ होऊ नये. विदर्भासाठी एक वेगळी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. येथे मुलींमध्ये रक्तक्षय पुष्कळ आहे, काही भागांत सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजारही आहे. रक्तातील तांबड्या पेशी फार कमी असतील तर अनेक यंत्रे साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात, आणि सिकलसेलमध्ये तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी ही तपासणीही फसवी ठरू शकते. त्यामुळे हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची तपासणी एकदा करून घ्यावी, आणि लक्षणे व आकडा जुळत नसतील तर लक्षणांना अधिक मान द्यावा.

मार्चपासून उष्णतेने त्रास दिला. पट्ट्या साधारणपणे ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि बहुतेक यंत्रे ४० ते ४५ अंशांपर्यंतच चालतात, तर आमच्या टिनाच्या छताखाली दुपारी त्याहून अधिक तापते. यंत्र तापमानाची खूण दाखवून सरळ बंद पडते. म्हणून उन्हाळ्यापुरता डबा बाकाखाली न ठेवता वर्गातच खिडकीपासून दूर, माठाच्या बाजूच्या फळीवर असतो, माठावर नव्हे, कारण ओल लागली की पट्टी बिघडते. इन्सुलिनसाठी मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडके आणि त्यात झाकणाच्या डबीत बाटली, अशी सोय केली आहे. ती चांगली चालते.

सुया एकदाच वापरून जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकतो आणि भरलेली बाटली आरोग्य केंद्रात देतो. वर्गातील इतर मुलांनाही साखर पाहून घ्यायची हौस असते, तेव्हा ठाम नकार द्यावा, कारण दुसऱ्याच्या सुईतून कावीळ ब सारखे आजार पसरतात.

खर्च यंत्राचा नाही, पट्ट्यांचा आहे. एक पट्टी १५ ते २५ रुपयांना पडते, आणि घरी-शाळेत मिळून दिवसाला चार तपासण्या धरल्या तर महिन्याला १,८०० ते ३,००० रुपये होतात. मजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम झेपत नाही. आमच्याकडे शाळेतील पट्ट्यांचा भार शिक्षकांनी वर्गणी काढून उचलला आहे, पण तो सरकारने उचलावा असे मला मनापासून वाटते. यंत्र घेण्याआधी त्याच्या पट्ट्या तालुक्याच्या ठिकाणी बारा महिने मिळतात का, आणि डबी उघडल्यावर त्या किती दिवस चालतात, हे दुकानदाराला विचारूनच पैसे द्यावेत. नागपूरहूनच मागवाव्या लागणाऱ्या पट्ट्यांचे यंत्र फुकट मिळाले तरी घेऊ नये.