पोस्टमन घरी येऊन हयातीचा दाखला काढून देतो: आत्याच्या पेन्शनसाठी घेतलेला अनुभव (ठाणे)

ज्यांच्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे आणि त्याचं पेन्शन तुम्ही बघता, त्यांच्यासाठी लिहितेय. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची घरपोच जीवन प्रमाण सेवा आहे, ती घ्याच. पोस्टमन मोबाईल आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, डिजिटल दाखला तिथेच होतो, जीएसटी धरून ७० रुपये. त्यांच्या बँकेत खातं असायला हवं असं काही नाही, आत्याचं दुसऱ्याच बँकेत आहे.

आत्या कळव्याला राहते. काका कारशेडला होते, त्यांच्या मागे तिला रेल्वेचं फॅमिली पेन्शन मिळतं. पॅरालिसिस झाल्यापासून बोलणं जड झालंय पण डोकं एकदम शाबूत. मूलबाळ नाही म्हणून बँक, औषधं सगळं माझ्याकडे. नोव्हेंबरमध्ये दाखला द्यायचा (८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो), नाही दिला की पेन्शन थांबतं. तिच्या बँकेत गेले तर काउंटरवर म्हणाले, त्यांना घेऊन या. दुसरा मजला, लिफ्ट नाही, कसं आणायचं? खरंतर आजारी पेन्शनरांना पैसे काढायलासुद्धा रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, सही जमत नसेल तर हाताच्या नाहीतर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी, पण हे आपणच तिथे सांगावं लागतं.

मग पोस्टइन्फो ॲपवरून रिक्वेस्ट टाकली. पोस्टमनकाका आले ते खुर्ची ओढून आत्याच्या पलंगाजवळच बसले. नाव काय, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा नंबर) हाच ना, पेन्शन कुठल्या बँकेत येतं, सगळं तिला विचारत होते. मी मध्येच उत्तर द्यायला लागले तर म्हणाले, "ताई, आजींना बोलू द्या, वेळ आहे मला." पुन्हा लग्न केलंय का हा प्रश्न फॉर्ममध्येच असतो, तो आला तेव्हा आत्या इतकी हसली, म्हणाली, "बघ बाबा कोणी असेल तर." कित्येक दिवसांनी तिला कोणीतरी थेट काही विचारत होतं. आजारी माणसाच्या डोक्यावरून आपण सगळेच बोलतो, डॉक्टर पण. मला ह्या सेवेत सगळ्यात जास्त हेच आवडलं.

अंगठा काही लागेना, रेषाच झिजल्यात. मग चेहऱ्यावरून केलं, खिडकीकडे तोंड करून बसवलं, डोळे मिटून उघडायला सांगितले आणि झालं, प्रमाण आयडीचा, म्हणजे दाखल्याच्या नंबरचा, एसएमएस लगेच आला. एक मात्र, कधी येणार ते आधी नीट कळत नाही, तो दिवस मोकळा ठेवावा लागतो, तिथे सुधारणा हवी. आणि आधारचं बायोमेट्रिक (अंगठा, चेहऱ्यावरून ओळख) लॉक केलेलं असेल तर पोस्टमन येण्याआधी उघडून ठेवा, काम झालं की परत लॉक करा. हे मनापासून सांगतेय, कारण त्याच अंगठ्याने आधार जोडलेल्या खात्यातून एका वेळी १०,००० पर्यंत रोख निघते. त्यामुळे मशीन कोणाचंही असो, स्क्रीनवर काय चाललंय ते वाचल्याशिवाय अंगठा लावू देऊ नका. दाखला करून देतो म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर सरळ कट करा.

ते ७० रुपये पण मी आत्याच्या वहीत लिहिले. पेन्शन आलं की तारीख आणि रक्कम, खाली बाईचा पगार, डायपर, फिजिओ, बिलं मागच्या पाकिटात. माझे पैसे वेगळे, तिचे वेगळे, तात्पुरते वापरून परत टाकू असलं काही नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्याखाली कलेक्टरच्या समितीकडून पालक नेमून घेता येतो, त्या पालकाला आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च द्यावा लागतो. आम्हाला कोणीच विचारत नाही. म्हणून मी दर महिन्याला आत्याला वही वाचून दाखवते, ती ऐकते आणि हुज्जतही घालते. दिवाळीला बाईला साडी घ्यायची म्हणाली, मला खर्च जास्त वाटत होता, पण पैसे तिचे, घेतली. आपण सांभाळतो म्हणजे आपण ठरवतो असं नाही ना.

रिक्वेस्ट टाकताना आधार, पीपीओ नंबर आणि पेन्शन खात्याचा नंबर हाताशी ठेवा. मोबाईल नंबर शक्यतो पेन्शनरचाच द्या, आपला नको, त्यांच्या दाखल्याचा मेसेज त्यांच्याच फोनवर येऊ दे.