स्टर्लिंग प्राइझची ज्युरी: पाहणी चोख, पण एकदाच

स्टर्लिंग प्राइझ म्हणजे ब्रिटनमध्ये दर वर्षी सर्वोत्तम नव्या इमारतीला मिळणारा पुरस्कार. त्याचा निकाल लागला की आमच्या ऑफिसात त्या दिवशी दुसरा विषय नसतो. मी लंडनमध्ये हाउसिंगची कामं करते. पुण्यातले ओळखीचे विद्यार्थी विचारतात, "ताई, या निकालावर भरवसा ठेवायचा का? अमुक इमारत खरंच तेवढी चांगली आहे का?" म्हणून जिंकलेल्या इमारती मी जमेल तशा जाऊन बघते. ज्युरीने काम नीट केलंय का, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आधी पद्धत सांगते. हे प्राइझ 1996 पासून 'रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स', म्हणजे रीबा, देते. आधी प्रादेशिक पुरस्कार, त्यातून राष्ट्रीय, आणि त्यातून साधारण सहा इमारतींची शॉर्टलिस्ट. शेवटची ज्युरी शॉर्टलिस्टमधल्या प्रत्येक इमारतीत स्वतः जाते. मला या प्राइझबद्दल आदर आहे तो मुख्यतः यासाठी. कितीतरी पुरस्कार नुसते फोटो आणि नकाशांचे तक्ते बघून दिले जातात. फोटो संध्याकाळच्या सोनेरी उजेडात काढलेला, माणसं बाजूला केलेली, डस्टबिन झाकलेले. जिन्यात आवाज घुमतो का, दार ढकलायला किती जड आहे, तिथे राहणारी बाई खूश आहे की वैतागलेली, हे फोटोत येत नाही. ज्युरी आत गेली की येतं.

याचा सर्वांत चांगला पुरावा 2019 चा निकाल आहे. नॉरविचमधलं गोल्डस्मिथ स्ट्रीट, आर्किटेक्ट मिखाइल रिचेस आणि कॅथी हॉली. ही सिटी कौन्सिलची भाड्याची घरं, सुमारे 100. आपल्याकडची म्हाडा डोळ्यासमोर आणा, पण घरं विकत नाही, भाड्याने. फोटोत नुसत्या फिक्या विटांच्या आणि काळ्या कौलांच्या रो-हाउसच्या रांगा दिसतात. जगभरातल्या चकचकीत म्युझियमांच्या शेजारी ठेवलं तर डोळा तिथे थांबणारही नाही. तिथे चालायला लागलं की गोष्टी एकेक करून उलगडतात.

रस्ता 14 मीटर रुंद आहे. समोरासमोरच्या खिडक्यांत याहून बरंच जास्त अंतर ठेवायचा इथे प्रघात आहे, त्यामुळे एवढं कमी करायचं तर कुठली खिडकी कुणाच्या घरात बघते याचा हिशेब प्रत्येक घरासाठी करावा लागतो. छपराचा उतार फक्त 15 अंश ठेवलाय, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊन मागच्या रांगेलाही मिळतं. पॅसिव्हहाउस पद्धतीत, म्हणजे घर गरम ठेवायला अगदी कमी ऊर्जा लागावी अशा बांधणीत, खिडक्या फार मोठ्या करता येत नाहीत, म्हणून खिडकीभोवतीचा भाग किंचित आत घेतलाय आणि लहान खिडकी मोठी भासते. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट: दाराला पत्र टाकायची फट नाही. इंग्लंडमध्ये दार म्हटलं की ती फट आलीच, आणि तिच्यातून घरातली ऊब बाहेर जाते. इथे पत्रपेटी दाराबाहेरच्या पोर्चमध्ये बसवली आहे. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी होते. कौन्सिलच्या कामात बजेट कापायची वेळ आली की पहिला बळी अशाच डिटेलचा जातो, हे मी माझ्या कामात कितीदा पाहिलंय. इथे कुणीतरी ते शेवटपर्यंत लावून धरलं. आणि ज्युरीच्या ते लक्षात आलं! दोन रांगांच्या मध्ये मागच्या बाजूने एक झाडं लावलेली सामाईक गल्ली जाते, गाड्या कडेला ठेवल्यात, मुलं मधे खेळतात. कौन्सिलच्या घरांना देशाचं सर्वोच्च प्राइझ देणं ही त्या ज्युरीची हिंमत होती, आणि निर्णय अगदी बरोबर होता.

त्याच्या आदल्याच वर्षीचा, 2018 चा निकाल मला पटलेला नाही. ब्लूमबर्ग या आर्थिक बातम्या आणि माहिती पुरवणाऱ्या कंपनीचं लंडनमधलं मुख्यालय, आर्किटेक्ट फॉस्टर अँड पार्टनर्स. कारागिरी अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण जपानहून 600 टन ब्राँझ आणि भारतातून ग्रॅनाइट आणून बांधलेल्या इमारतीला पर्यावरणाच्या नावाने वाखाणायचं, हे मला खटकतं. शिवाय सामान्य माणसाला वरच्या मजल्यांवर जाता येत नाही. तळघरातलं रोमन काळातलं मिथ्राचं मंदिर तेवढं फुकट बघायला मिळतं, ते मात्र चुकवू नका.

2024 चं प्राइझ लंडनच्या एलिझाबेथ लाइन या नव्या रेल्वेमार्गाला मिळालं तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. रेल्वेमार्ग ही काय इमारत झाली? मध्य लंडनमधल्या स्टेशनांचे आर्किटेक्टही वेगवेगळे. प्राइझ मिळालं ते ग्रिमशॉ, मेनार्ड, इक्वेशन आणि अ‍ॅटकिन्सरियालिस यांना, म्हणजे सगळ्या स्टेशनांना एका सूत्रात बांधणाऱ्यांना: बोगद्यांतली फिकी पॅनेलं, दिवे, पाट्या, बाक. मार्ग 2018 च्या डिसेंबरात सुरू व्हायचा होता, झाला 2022 च्या मेमध्ये, आणि खर्चही फुगला. तरी हा निकाल मला मनापासून पटतो, आणि त्याचं कारण माझी आई आहे. ती साताऱ्याहून आली होती, गुडघे दुखरे. लंडनच्या जुन्या ट्यूबमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, तिला न्यायचं म्हणजे आधी नकाशावर लिफ्टची चिन्हं शोधायची. एलिझाबेथ लाइनच्या मधल्या नव्या स्टेशनांत रस्त्यापासून गाडीच्या दारापर्यंत एकही पायरी नाही. फॅरिंग्डनला सरकत्या जिन्याच्या बाजूने तिरकी जाणारी लिफ्ट आहे. आई आत शिरली आणि म्हणाली, "अगं, ही तर घाट उतरतेय!" खालच्या बोगद्यांत काटकोनातला कोपरा दिसत नाही, भिंती वळून जातात, त्यामुळे समोरून येणारा माणूस आधीच दिसतो आणि गर्दी अडत नाही. आईला यातलं काही सांगावं लागलं नाही, ती सरळ चालत राहिली.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. ज्युरी इमारत बघते तेव्हा ती वापरात येऊन वर्ष-दोन वर्षं झालेली असतात. त्यानंतर काय होतं याच्याशी प्राइझचा संबंध उरत नाही. 2017 साली हेस्टिंग्जच्या पिअरला प्राइझ मिळालं, आर्किटेक्ट डीआरएमएम. समुद्रात आत गेलेला हा जुना धक्का 2010 साली जळाला होता. गावकऱ्यांनी चळवळ करून तो परत उभा केला. जळक्या पिअरचं वाचलेलं लाकूड नव्या कामात वापरलं आणि बहुतेक डेक, म्हणजे वरची फळ्यांची जमीन, मुद्दाम मोकळा ठेवला, म्हणजे सर्कस, गाणी, बाजार, हवं ते करता यावं. कल्पना सुंदरच होती. पण निकालानंतर काही आठवड्यांतच तो चालवणारा ट्रस्ट दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि पुढच्या वर्षी पिअर खासगी मालकाला विकला गेला. पैशाचं गणित सांभाळणं आर्किटेक्टच्या हातात नसतं हे मान्य. पण मोकळ्या डेकवर कमाई कुठून येणार, हा डिझाइनचाही प्रश्न आहे, आणि ज्युरीने तो विचारायला हवा होता.

अगदी पहिली विजेती, 1996 ची सॅलफर्ड विद्यापीठाची सेंटेनरी बिल्डिंग, तिची गत आणखी वाईट. बराच काळ रिकामी पडून राहिल्यावर विद्यापीठाने ती पाडायचं ठरवलं. तीस वर्षंही झाली नाहीत. पहिल्याच विजेत्या इमारतीचं काय चुकलं, की काहीच चुकलं नाही आणि फक्त मालकाला ती नको झाली, याचा सविस्तर अभ्यास प्राइझ देणाऱ्या संस्थेनेच करायला हवा. तिच्याकडे नाव आहे, तज्ज्ञ आहेत, जुन्या विजेत्यांची पूर्ण यादी आहे.

रीबाला लांबवर बघणं जमत नाही असंही नाही. तीच संस्था रॉयल गोल्ड मेडल देते, आणि ते आयुष्यभराच्या कामाकडे बघून. 1984 साली ते आपले आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांना मिळालं, 2022 चं पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांना, वयाच्या नव्वदीनंतर. कोरियांची नवी मुंबईतली बेलापूरची घरं बघा. छोट्या चौकांभोवती मांडलेली, आणि कुटुंब वाढेल तसं घर वाढवता यावं अशी आखलेली. लोकांनी ती वाढवली, कित्येक पाडून नव्याने बांधली. त्या आराखड्याची परीक्षा बांधकाम संपल्या दिवशी होऊच शकत नव्हती. ती पुढची काही दशकं तिथल्या रहिवाशांनी घेतली.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे: दर वर्षीच्या ज्युरीने शॉर्टलिस्टबरोबर दहा वर्षांपूर्वीच्या विजेत्या इमारतीतही एक दिवस घालवावा आणि तिथे काय दिसलं ते छापावं. एका दिवसाचा प्रवास वाढेल. आमच्यासारख्या रोज घरं काढणाऱ्यांना मात्र त्यातून जे शिकायला मिळेल ते दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

2025 चं प्राइझ लंडनच्या बर्मंडसी भागातल्या अ‍ॅपलबी ब्लू या वृद्धांच्या घरांना मिळालं, विदरफर्ड वॉटसन मॅन यांचं काम. ज्येष्ठांना गावाबाहेर न ढकलता भर रस्त्यावर, बसस्टॉपसमोर मोठ्या खिडक्यांत बसवलंय. मला ते फार आवडलं. 2035 साली तिथे कुणी जाईल का, एवढंच विचारायचं आहे.

बघायला जाणार असाल तर एलिझाबेथ लाइनपासून सुरुवात करा, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. तीच लाइन लिव्हरपूल स्ट्रीटला पोचवते, आणि तिथून नॉरविचची गाडी साधारण दोन तासांत नेते. गोल्डस्मिथ स्ट्रीटवर माणसं राहतात, तेव्हा रस्त्यावरूनच बघा, खिडक्यांत कॅमेरे रोखू नका. पत्रपेट्या रस्त्यावरूनही दिसतात.